लगाम आणि हात



भाकरी का करपली, पान का सडले आणि घोडा का अडला, हे जुने कोडे आपण सर्वांनी लहानपणी ऐकले आहे. तिन्हींचे उत्तर एकच : फिरवले नाही म्हणून. पण नुसते फिरवून भागत नाही. फिरविणारा हात कसा होता, यावर भाकरीचे जसे, तसेच घोड्याचेही सारे अवलंबून असते. आज आम्हांस त्या हाताविषयीच बोलावयाचे आहे.

हा विषय या मुलखाला परका नाही. आपल्याच गेवराई तालुक्यात, गोदाकाठी राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला. घोडदळातल्या त्या काळच्या स्वाराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. एका हातात भाला किंवा तलवार. लगामासाठी उरला तो दुसरा हात. घोड्याला ओढून वळवावयास त्याला फुरसत कुठली? बोटे मिटताच घोडा वळला पाहिजे. म्हणून चाबुकस्वार घोड्याला रिंगणात दोन्ही अंगांनी फिरवीत. याला घोड्याला कावा देणे म्हणत. गनिमी काव्याचे नाव घेताना हे रिंगणही आपण आठवावे.

आता लगाम म्हणजे काय ते पाहू. त्याचा जो लोखंडी भाग तोंडात राहतो ते कडियाळे. घोड्याच्या पुढच्या दातांमध्ये आणि दाढांमध्ये मोकळी जागा असते. तेथे जिभेवर आणि हिरडीवर हे लोखंड टेकते. त्या हिरडीखाली लगेच हाड असते. अंगावर माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्या जनावराची ही सर्वांत नाजूक जागा! साधे, सांध्याचे कडियाळे असले तर हाताची ओढ तशीच तोंडात पोहोचते. पण दोन बाजूंस लांब दांडे आणि हनुवटीखाली साखळी असली, की तरफेच्या नियमाने तीच ओढ कितीतरी वाढते. हाताला जे सहज वाटते, ते तोंडात पकडीसारखे बसते. म्हणून शिंगराला आधी साधे कडियाळे द्यावे. दांड्याचे द्यावयाचे ते पुढे, घोडा तयार झाल्यावर, आणि तेही जाणत्या हातीच.

'तोंडाचा हलका' घोडा कसा होतो? ओढून नव्हे, सोडून. घोडा उभा असताना एका बाजूची वादी हळूच घ्यावी आणि थांबावे. झटका देऊ नये, जोर वाढवू नये. क्षणभराने तो जबडा सैल करील, नाक किंचित त्या बाजूस वळवील. त्याच क्षणी वादी ढिली करावी. हा ढिलेपणाच त्याचे बक्षीस. आपण नमलो की त्रास थांबतो, एवढे घोड्याला कळले की पुढच्या वेळी निम्म्या ओढीने काम होते, आणि काही महिन्यांनी बोटांच्या हालचालीने. उलट जो स्वार सदैव ओढूनच धरतो, त्याच्या घोड्याला ओढीचा अर्थच उरत नाही. जबडा कठीण होतो तो असा.

याच्या पुढची पायरी म्हणजे घोड्याने अंग सावरून चालणे. घोड्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भार मुळातच पुढच्या पायांवर असतो. त्यात स्वाराची भर पडते. टाचेच्या हलक्या इशाऱ्याने मागचे पाय पोटाखाली येऊ लागले, पाठ उचलली गेली, की पुढचे अंग हलके होते आणि मान आपोआप कमानदार होते. लक्षात घ्या, ही कमान मागच्या पायांतून येते, लगामातून नव्हे. हात फक्त ती झेलतो. मान छातीकडे ओढून आणलेला घोडा दिसावयास तसाच दिसतो. पण त्याचे मागचे पाय मागेच राहिलेले असतात.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफन याने अश्वविद्येवर ग्रंथ लिहिला. जबरदस्तीने काढलेल्या चालीत सौंदर्य नसते, असेच त्याचेही मत होते. अडीच हजार वर्षांपूर्वी जे उमगले ते आम्हांस अजून का उमगू नये?

कारण लग्नाच्या वराती आपण पाहतोच. ताशाच्या तालावर घोडी पाय उचलते, मान वाकवते, तोंडातून फेस गाळते. आम्ही म्हणतो, काय नाचते पाहा! तिच्या तोंडात काटेरी कडियाळे असेल, तर ते नाचणे नव्हे, वेदनेपासून पळण्याची धडपड आहे. पळावयास मात्र जागा नाही. असे काटेरी कडियाळे वापरणे ओढीच्या व ओझ्याच्या जनावरांविषयीच्या १९६५ च्या नियमांनी मना केले आहे. पण नियम कागदावर असतो आणि लगाम माणसाच्या मुठीत.

घोडीवाल्याला दोष देऊन आम्हांस मोकळे होता येणार नाही. घोडी जितकी उसळेल तितकी तिला मागणी, हा भाव आम्हीच ठरविला आहे. तेव्हा आमची विनंती एवढीच : पुढच्या लग्नसराईत सुपारी देण्यापूर्वी कडियाळे एकदा हातात घेऊन पाहा. त्यावरून बोट फिरवा. ते बोटाला टोचले, तर ती घोडी तशीच परत पाठवा आणि गुळगुळीत कडियाळ्याची, शांत चालणारी घोडी मागा. मांडवापर्यंत नवरदेव तिच्यावरूनही पोहोचतो.