प्रवेशाची नवी खिडकी
(वार्षिक संमेलनातील गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



मी केवळ मॅट्रिक झालेला शिक्षक. विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून मी कधी चढलो नाही. परंतु इतरांची मुले ती चढावीत म्हणून प्रवेशाचे अर्ज मात्र पुष्कळ भरले. आजचा विषयही तोच आहे.

१८ नोव्हेंबर १९६२ रोजी शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण आपल्या दारी आले. तरीही प्रवेशाचे दिवस कष्टाचेच असत. चंदगडकडचा मुलगा शंभराहून अधिक किलोमीटर एस. टी. ने येई, रांगेत उभा राही, नकलांवर अधिकाऱ्याची सही मिळविण्यासाठी वणवण करी आणि यादी पाहण्यासाठी पुन्हा हेलपाटा घाली. मात्र खिडकीपलीकडे एक मनुष्य असे. "बाळ, येथे सही राहिली," एवढे तरी तो सांगे.

आता ती खिडकी संगणकात गेली आहे. अकरावीचे ऑनलाइन प्रवेश २००९ साली मुंबईत सुरू झाले आणि २०२५ साली अवघ्या राज्यास लागू झाले. एकाच अर्जात दहापर्यंत महाविद्यालये पसंतीक्रमाने देता येतात. गुण, आरक्षण व पसंती यांचा मेळ यंत्र घालते. हेलपाटे वाचले, वशिल्याला वाव उरला नाही, हा लाभ लहान नव्हे. परंतु त्याच वर्षी मे महिन्यात पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी पुढे ढकलावी लागली, हेही आपण पाहिले.

माझ्या परिचयातील एका मुलीचे उदाहरण सांगतो. तिचा एका अभ्यासक्रमाचा अर्ज एका दुकानात भरला गेला. माहिती जतन झाली. पण शेवटचे 'निश्चित करा' हे बटण दाबायचे राहिले. पडद्यावरील इंग्रजी सूचना वडिलांना उमगली नाही. गुण उत्तम असूनही पहिल्या यादीत नाव आले नाही. त्या रात्री त्या घरात कोणी जेवले नाही.

दोष कोणाचा, हा वाद मी घालत नाही. परंतु शिक्षक म्हणून एक सांगतो : धडा लिहावा तो पाटी घेऊन बसलेल्या मुलाकडे पाहून, तपासणीस येणाऱ्या साहेबांकडे पाहून नव्हे. संकेतस्थळ रचणाऱ्यांनीही प्रथम ते अशा वडिलांच्या हाती देऊन पाहावे. सूचना मराठीत असाव्यात. चूक झाली तेथेच ती दाखवावी. साध्या मोबाइलवर अर्ज भरता यावा. आणि अर्ज अपुरा असेल तर 'तुमचा अर्ज पूर्ण झालेला नाही' असे ठळक अक्षरांत लिहावे.

आपलेही कर्तव्य आहे. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या. पण त्याआधीच, १९०१ पासून, या नगरीत विद्यार्थी वसतिगृहे उभी राहू लागली होती. नुसत्या हुकुमाने मूल जागेपर्यंत पोहोचत नाही, त्याला हात द्यावा लागतो, हे महाराज जाणत होते. त्यांच्या नावाच्या या शाहूपुरीत आपण तेवढे तरी करावे.

मे-जून महिन्यांत मंडळाच्या सभागृहात एक मेज, एक संगणक आणि दोन जाणते विद्यार्थी बसवावेत. पालकांनी जातीचा दाखला, जात पडताळणी व नॉन-क्रीमी लेअर प्रमाणपत्र यांची खटपट निकालापर्यंत लांबवू नये. आधार कार्ड व शाळेचा दाखला यांतील नाव जुळते का, ते आधी पाहावे. अर्जात दुकानदाराचा नव्हे, स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यावा. संकेतशब्द स्वतःजवळ ठेवावा आणि निश्चित झालेल्या अर्जाची छापील प्रत घेतल्याशिवाय उठू नये.

त्या मुलीला पुढील फेरीत प्रवेश मिळाला, पण दूरच्या गावी. आज ती या सभागृहात बसली आहे. मेज मांडले तर पहिली खुर्ची मी घेईन, असे तिने मला सांगितले आहे. दुसऱ्या खुर्चीसाठी मी आपणांकडे हात पसरतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.