दशावतारी नट आणि छायाचित्रकार
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, तोही मॅट्रिक, छायाचित्रणाच्या व्यवसायावर काय बोलणार, अशी शंका काही तरुणांच्या मुखावर मला इथूनच दिसत आहे. शंका रास्त आहे. कॅमेरा हे माझ्या हातातले साधन नव्हे. परंतु दशावताराच्या मांडावर मी गेली पन्नासएक वर्षे बसत आलो आहे, आणि अलीकडे माझ्या व नटांच्या मध्ये कॅमेरेवाल्यांची जी रांग उभी राहते, तिचे निरीक्षण करण्यास मला वेळच वेळ मिळतो.

आपल्या समाजातील काही होतकरू तरुणांनी हा धंदा पत्करला आहे, ही आनंदाची गोष्ट होय. लग्नमुंजींवर त्यांचा चरितार्थ चालतो. पण जत्रा, नाटके, पुतळे यांच्या चित्रांनाही आता मोल येऊ लागले आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये श्री. सुबोध खानोलकर यांचा 'दशावतार' हा चित्रपट आला. त्यात श्री. दिलीप प्रभावळकर यांनी वृद्ध दशावतारी नट उभा केला. ज्या कलेकडे शहरातील मंडळी गावंढळ म्हणून पाहत, तिच्याकडे ती आता कौतुकाने पाहू लागली आहेत.

हे काम सोपे नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पूर्वीच्या नाटकमंडळ्यांतील नटांची जी छायाचित्रे आपण पाहतो, ती बहुतेक स्टुडिओत मुद्दाम बसवून घेतलेली आहेत. त्या काळच्या काचेला प्रकाश फार लागे, आणि नटाला तितका वेळ निश्चल राहावे लागे. चालू खेळात, रात्री, ते शक्यच नव्हते. पलित्यांच्या आणि पुढे गॅसबत्तीच्या उजेडात जे दशावतारी नाचले, त्यांचे रंगातले रूप म्हणूनच फारसे कोठे उरलेले नाही. आजचा कॅमेरा अंधुक उजेडातही चित्र घेतो. तरी अडचणी आहेतच. नटाचे रंगवलेले मुख उजळ आणि मागे देवळाच्या आवारातला काळोख. कॅमेरा सगळा काळोख हिशेबात धरतो, जास्त उजेड आत घेतो, आणि बिचाऱ्या विष्णूचे तोंड चुना लावलेल्या भिंतीसारखे होते. नखशिखांत काळ्या वेषातला संकासुर आला की निराळेच संकट! नव्या एलईडी दिव्यांत शटर फार वेगाने चालविले तर चित्रावर पट्टे उमटतात, असेही एका तरुणाने मला दाखविले. आणि फ्लॅश? तो तर नटाच्या डोळ्यांत मारूच नये. युद्धाचा प्रवेश ऐन रंगात असता ज्याच्या हातात तलवार आहे, त्याला क्षणभर आंधळे करणे हा निव्वळ अविचार आहे.

यंत्राचे ज्ञान येथपर्यंत नेते. पुढे खेळाचे ज्ञान लागते. दशावताराला छापील संहिता नाही. आडदशावतारात गणपती, ऋद्धि-सिद्धि, सरस्वती, ब्रह्मदेव, संकासुर हा क्रम ठरलेला असतो. पण पुढच्या आख्यानातील संवाद नट तेथल्या तेथे रचतात. पायपेटी आणि मृदंग त्यांच्या मागे धावतात. आज ऐकलेले वाक्य उद्या दुसऱ्या गावी ऐकू येईलच असे नाही. ज्याने हरिविजय-पांडवप्रताप वाचलेले नाहीत, त्याला कोणत्या क्षणी बोट दाबावे हे कळणार कसे? तो मुकुट आणि भरजरी वस्त्रे टिपतो. मुकुट पेटाऱ्यात असतोच. तो सकाळीही टिपता येईल.

आता ज्या गोष्टीसाठी मी मुख्यत्वे उभा राहिलो, तिच्याकडे वळतो. आपल्या किनाऱ्यावरील एका उपाहारगृहात दशावतारी स्त्रीपार्ट्याचे एक मोठे, अतिशय सुंदर चित्र लावलेले आहे. खाली कोपऱ्यात छायाचित्रकाराचे नाव आहे. नटाच्या नावाच्या जागी 'कोकणची लोककला' एवढेच शब्द आहेत. तो नट मला ठाऊक आहे. दिवसा तो शेती करतो, रात्री स्वतःच्या हाताने रंग लावून उभा राहतो. त्या चित्राचे त्याला पैसे मिळाले नाहीत, हे मी सोडून देतो. पण त्याचे नावही जावे?

ही रीत जुनी आहे, आणि ती कोठून आली हे आपणासारख्या ज्ञातिसंस्थेने तरी जाणले पाहिजे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ मध्ये स्थापन झाली. भाऊ दाजी लाड तिचे सभासद होते, आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे आरंभीच्या नामवंत छायाचित्रकारांपैकी एक. हे घराणे मूळ तेरेखोलपलीकडच्या मांद्र्याचे, म्हणजे आपल्या शेजारचेच. त्या काळी मुंबईत निरनिराळ्या जातींच्या व धंद्यांच्या लोकांची चित्रे घेऊन संग्रह छापले जात. पुढे १८६८ ते १८७५ या वर्षांत सरकारने 'पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड काढले. त्या चित्रांखाली बहुधा जातीचे नाव असे. माणसाचे नाव क्वचितच. आपल्या पूर्वजांकडे साहेबाने असे नमुने म्हणून पाहिले, याचा आपण राग धरतो. मग आपल्याच मुलाने आपल्याच नटाला नमुना करावे काय?

कोणी म्हणेल, 'लोकराजा' सुधीर कलिंगण २०२२ मध्ये गेले, त्यांची चित्रे नावासह आहेतच ना? आहेत, कारण ते नामवंत होते. त्यांच्या खेळात बाजूला उभ्या राहिलेल्या पोराचे नाव कोण सांगणार?

कायद्याचेही थोडे सांगतो. सार्वजनिक जागी कायम उभारलेल्या शिल्पाचे चित्र घेण्यास आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा मोकळीक देतो. जिवंत कलावंतासाठी १९९४ मध्ये त्यात हक्क घातले गेले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपली कला आपल्या नावाने ओळखली जावी हा हक्कही आला. तथापि या तरतुदींचा रोख ध्वनिमुद्रण व चलच्चित्रण यांकडे आहे. स्थिर चित्राखाली नाव घालणे हे छायाचित्रकाराच्या सभ्यतेवर सोडलेले आहे. तरुणांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: जत्रेच्या समितीने पैसे देऊन चित्रे काढून घेतली, तर वेगळा करार नसल्यास त्यांची मालकी समितीची होते. करार आधी कागदावर करावा. पाहुण्यारावळ्यांच्या भिडेपोटी आपले लोक तो टाळतात आणि मग वर्षभर अबोला धरतात.

तारीखही लिहावी. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर ४ डिसेंबर २०२३ रोजी अनावरण झालेला शिवरायांचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला, आणि ११ मे २०२५ रोजी त्याच ठिकाणी नव्या पुतळ्याचे अनावरण झाले. पहिला पुतळा आता छायाचित्रांतच आहे. तारखेवाचून नातवंडांनी कोणता कोणता म्हणावा?

माझी मंडळाला विनंती एवढीच. येत्या कार्तिकापासून आपल्या तरुणांनी घेतलेल्या प्रत्येक दशावतारी चित्राच्या मागे नटाचे नाव, त्याचे गाव, मंडळ, आख्यान, देऊळ आणि तारीख लिहावी. एक प्रत नटाच्या घरी पोचवावी, एक आपल्या कार्यालयात ठेवावी. छपाईच्या खर्चासाठी मी १०१ रुपये देत आहे. रक्कम लहान आहे, पण निवृत्तिवेतनातली आहे.

आणि तरुणांनो, रात्री दोन वाजता कॅमेरा आवरून घरी जाऊ नका. उजाडता उजाडता दहिकाला होतो, तेव्हा दिव्यांचा पिवळा उजेड आणि पहाटेचा निळसर उजेड एकाच मुखावर पडतो. रात्रभराच्या घामाने रंग ओघळलेला असतो आणि राजाच्या आतला शेतकरी दिसू लागतो. त्या वेळी मांडावर एकही कॅमेरा मी अद्याप पाहिलेला नाही.