विदर्भाचा सर्वांत मोठा फलंदाज कोण?



विदर्भाने रणजी करंडक तीनदा जिंकला आणि तिन्ही वेळा लोकांच्या तोंडी नावं राहिली ती गोलंदाजांची. २०१७-१८च्या अंतिम सामन्यात इंदूरला रजनीश गुरबानीची हॅट्‌ट्रिक. पुढच्या हंगामात जामठ्याला आदित्य सरवटेचे अकरा बळी, त्यात दोन्ही डावांत चेतेश्वर पुजारा. २०२४-२५ला हर्ष दुबेचे हंगामभरात ६९ बळी, म्हणजे रणजीतला विक्रमच. यातला एकही बळी मला कमी लेखायचा नाही. पण गोलंदाजाच्या पाठीशी धावा लागतात आणि त्या कोणी उभ्या केल्या, याचा हिशेब आपल्याकडे नीट मांडला जात नाही. आज तो मांडायचा आहे.

आधी माप ठरवू. कारकिर्दीतल्या धावांची बेरीज करायची तर चर्चाच नको. रणजीत बारा हजार धावा सर्वांत आधी वसीम जाफरने केल्या. पण त्यातल्या बहुतेक मुंबईसाठी होत्या. माझं माप वेगळं आहे. विदर्भाला धाव हवी होती आणि ती मिळणं कठीण होतं, अशा वेळी ती कोणी केली?

या मापाने पहिलं नाव फैज फजलचं.

विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळतो. पहिला करंडक यायला साठ वर्षं लागली. त्या साठ वर्षांतला शेवटचा, सर्वांत अवघड टप्पा फैजने बॅट हातात घेऊन पार केला. २००३ साली जम्मू-काश्मीरविरुद्ध पहिल्याच सामन्यात १५१ धावा, वय अठरा. तेव्हा आपण प्लेट गटात, म्हणजे रणजीच्या खालच्या गटात होतो. प्लेट गटातल्या शतकाची बातमी शेवटच्या पानावर, तीही दोन ओळींची. निवड समितीतलं कोणी पाहायला येत नसे. डावखुऱ्या फैजचं काम सलामीचं. थंडीच्या दिवसांत सकाळी साडेनऊला, खेळपट्टीत ओल असताना, कोरा चेंडू खेळून काढायचा. समोरून विकेट पडत राहिल्या तरी आपण टिकायचं. मधला थोडा काळ तो रेल्वेकडून खेळला आणि परत आला. चांगल्या संघात जागा मिळूनही घरी परतणाऱ्या खेळाडूची किंमत आपण ओळखायला हवी.

२०१६मध्ये त्याला भारताची टोपी मिळाली. हरारेला झिम्बाब्वेविरुद्ध तो नाबाद ५५ धावा करून सामना जिंकून आला. त्यानंतर भारताकडून पुन्हा एकही सामना नाही. असा निकाल वाट्याला आला की भलेभले मिटून जातात. फैजने पुढच्याच वर्षी कर्णधार म्हणून रणजीत ९१२ धावा केल्या आणि करंडक नागपुरात आणला. प्रथम श्रेणीतल्या ९,१८४ धावा गाठीशी घेऊन फेब्रुवारी २०२४मध्ये तो थांबला, तेही नागपुरातच, हरियाणाविरुद्ध.

जाफर दुसरा. २०१५ला तो इकडे आला तेव्हा हा पाहुणा किती दिवसांचा, असं म्हणणारे होते. त्यांना उत्तर मिळालं मार्च २०१८मध्ये, इराणी करंडकात. शेष भारताविरुद्ध, रविचंद्रन अश्विनसारखा गोलंदाज समोर असताना, चाळीस वर्षांच्या जाफरने २८६ धावा केल्या. विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव घोषित केला. पुढच्या हंगामात रणजीत १,०३७ धावा, त्यात उत्तराखंडविरुद्ध उपांत्यपूर्व फेरीत २०६. त्याच्या धावांइतकंच मोलाचं आणखी काही त्याने दिलं. प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि जाफर, दोघेही मुंबईचे. विकेट फेकायची नाही, दिवसभर खेळायचं, समोरच्याला थकवायचं, हा मुंबईचा खडूसपणा आपल्या पोरांनी त्यांच्याकडून उचलला. तरीही मी त्याला फैजच्या खालीच ठेवतो, कारण तो आला तेव्हा घराच्या भिंती उभ्या होत्या, आणि त्या उभ्या करणाऱ्यांत फैज होता.

तिसऱ्या जागेवर अनेकांना करुण नायर हवा असेल. मी अक्षय वाडकरला ठेवतो. यष्टिरक्षक असल्यामुळे त्याच्या फलंदाजीकडे लोकांचं लक्ष उशिरा गेलं. इंदूरच्या अंतिम सामन्यात दिल्लीने २९५ केल्या होत्या. वाडकरने १३३ केल्या, प्रथम श्रेणीतलं त्याचं पहिलंच शतक. सरवटेने ७९, सिद्धेश नेरळने ७४ काढल्या आणि आपण ५४७पर्यंत पोहोचलो. पण मला त्याहून मोठी वाटते ती मार्च २०२४मधली, वानखेडेवरच्या मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यातली खेळी. पहिल्या डावात आपण १०५ धावांत गारद. चौथ्या डावात लक्ष्य ५३८. पाचव्या दिवशी सकाळी कर्णधार वाडकर आणि हर्ष दुबे यांनी उपाहारापर्यंत एकही विकेट पडू दिली नाही. मुंबईच्या अंगणात, मुंबईच्या प्रेक्षकांसमोर वाडकरने १०२ केल्या. सामना १६९ धावांनी गेला. ज्यांना फक्त निकालाची ओळ लक्षात राहते त्यांना ती सकाळ आठवणार नाही. पण पुढच्याच वर्षी करंडक याच कर्णधाराने उचलला.

करुण नायर चौथा. तो दोनच हंगाम आपला होता, पण २०२४-२५ला केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने ८६ आणि १३५ केल्या. ३ बाद २४ अशी अवस्था असताना दानिश मालेवारसोबत त्याने २१५ धावांची भागीदारी केली. सामना अनिर्णित राहिला आणि करंडक ठरला तो पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर. ती भागीदारी नसती तर आघाडी कुठली!

पाचवा गणेश सतीश. हे नाव ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. तो मूळचा कर्नाटकचा. २०१७च्या डिसेंबरात ईडन गार्डन्सवर उपांत्य सामना झाला, तोही कर्नाटकविरुद्धच. पहिल्या डावात आपण मागे पडलो होतो. दुसऱ्या डावात सतीशने ८१ केल्या आणि सामना आपण फक्त पाच धावांनी जिंकला. गुरबानीच्या दुसऱ्या डावातल्या सात बळींची गोष्ट नागपुरात अजून सांगतात. त्या ८१मध्ये सहा धावा कमी पडल्या असत्या, तर ती गोष्ट वेगळी झाली असती.

यश राठोड आणि दानिश मालेवार यांना मी क्रमांक देत नाही. राठोडच्या २०२४-२५च्या हंगामातल्या ९६० धावा देशात सर्वाधिक होत्या. मालेवारने अंतिम सामन्यात १५३ आणि ७३ केल्या, त्याही पहिल्याच रणजी हंगामात. दोघांना अजून फैजइतका लांबचा रस्ता चालायचा आहे. पण विदर्भाचा संघ मैदानात उतरेल तेव्हा त्यांची फलंदाजी पाहायला तुम्ही जामठ्याला जा. रणजीला प्रेक्षक मोजके असतात. पोरांना कळतं, कोण आलंय ते.