बांबूची काठी आणि शासनाची मर्यादा



बांबू हे गवत आहे, असे वनस्पतिशास्त्र सांगते. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना झाडांत केली. वरवर पाहता हा शब्दार्थाचा किरकोळ वाद वाटेल. प्रत्यक्षात या एका व्याख्येवर असंख्य वनवासी कुटुंबांचा चरितार्थ टांगलेला होता. बांबू झाड ठरला म्हणजे लाकूड ठरला, लाकूड ठरला म्हणजे वनखात्याच्या मालकीचा झाला. आणि ज्याच्या कित्येक पिढ्या त्याच बांबूच्या टोपल्या विणत आल्या, तो माणूस चोर ठरला. शासनाने कुठवर जावे आणि कुठे थांबावे, याचा ऊहापोह ग्रंथांतून पुष्कळ झाला आहे. तो एका बांबूच्या काठीवरही करता येतो.

इंग्रजांना रेल्वेच्या रुळांखाली घालायला आणि जहाजबांधणीला लाकूड हवे होते, म्हणून त्यांनी जंगलाचे खाते निर्माण केले. या खात्याची रचनाच मोठी विलक्षण. मालक तेच, विक्रेता तेच, पहारेकरी तेच. गुन्हा नोंदवायचा त्यानेच आणि पैसे भरून घेऊन तो तडजोडीने मिटवायचाही त्यानेच. स्वराज्य आले, तरी ही चौकट तशीच राहिली. कर्नाटकात एका कागद गिरणीला बांबू टनाला अवघ्या दीड रुपयाने दिला जात होता, हे माधव गाडगीळ यांनी नोंदवून ठेवले आहे. बाजारात बुरुडाला मात्र त्याच बांबूसाठी कित्येक पटींनी अधिक किंमत मोजावी लागे. सर्व अधिकार एकाच हाती एकवटले, की न्यायाचा काटा बलवंताकडे झुकतो.

आपल्या परंपरेत राज्यसंस्थेला मर्यादा नव्हती, असे मात्र नाही. १७१५ च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी स्पष्ट निर्देश आहेत. रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेल्या आंब्या-फणसांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, मोबदला देऊनच ते न्यावे, बलात्कार करू नये, असा त्याचा आशय. आरमार म्हणजे राज्याच्या संरक्षणाचा विषय, यापरते निकडीचे काम ते कोणते? तरीही राजाज्ञा परसातल्या झाडापाशी येऊन थांबते. त्यानंतर अडीचशे वर्षांनी, १९६५ साली, लोकनियुक्त सरकारने पाव भाजण्याची कंपनी काढली. ‘मॉडर्न ब्रेड’ची ती कंपनी सरकारने २००० साली विकली. पाव वाईट नव्हता. पण बेकरी चालवणे हा राजधर्म कसा, याचे उत्तर कुणी दिले नाही. (न्यायालयांत दाव्यांचे ढीग साचत होते, ते याच काळात.)

या प्रश्नाला महाराष्ट्रातूनच एक उत्तर मिळाले. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचे लहानसे गाव आहे. दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही घोषणा याच गावाची. या घोषणेत दिल्ली-मुंबईचे सरकार नाकारलेले नाही, तर आपले म्हटले आहे. फक्त त्याची आणि गावाची वेस निराळी दाखविली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले आणि त्यावर वनवासींची मालकी मान्य केली. त्या कायद्यान्वये २००९ मध्ये मेंढ्याच्या ग्रामसभेला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्क मिळाला, पण बांबू जागचा हलेना! वाहतुकीचा परवाना देण्यास वनखाते तयार नव्हते. ज्याची मालकी मान्य केली, त्याला आपलाच माल विकता येत नाही, अशी ही मालकी. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झाले. ज्या कागदावर आजवर खात्याची सही लागत असे, त्यावर आता गावाची सही चालू लागली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाविषयीच्या भाबड्या भक्तीवर कठोर प्रहार केला होता. गाव म्हणजे संकुचितपणाचे आणि अज्ञानाचे आगर, असे सांगून व्यक्ती हाच संविधानाचा घटक मानल्याबद्दल त्यांनी समाधान व्यक्त केले. ज्या समाजाने शतकानुशतके आपल्याच बांधवांना वेशीबाहेर ठेवले, त्याला हा शब्द बोचणारच. तो खोटा मात्र म्हणता येत नाही. शासन मागे सरले आणि रिकामी झालेली जागा गावातल्या धनदांडग्याने बळकावली, तर दुर्बळाने दाद कुठे मागायची?

मेंढ्याने यावर आपल्यापुरता मार्ग काढला आहे. तेथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एकाही घराचा विरोध असेल तर विषय पुन्हा चर्चेला येतो. याला वेळ लागतो, पण सर्वांत दुबळ्याचा नकारही तिथे मोजला जातो. प्रत्येक गावाला हे साधणार नाही. जिथे साधणार नाही, तिथे शासन हवे आणि समर्थ हवे. हक्काची नोंद करायला, दोन गावांच्या शिवेचा तंटा सोडवायला, जंगलतस्कराला पकडायला आणि ग्रामसभेत ज्याचा आवाज दाबला गेला त्याच्या पाठीशी उभे राहायला. मेंढ्यालाही जंगलाचा हक्क कायद्यानेच मिळाला, हे विसरता कामा नये. गावाने शासनाकडे बांबू मागितला नव्हता. आपला हक्क मान्य करा आणि वाट सोडा, एवढेच मागितले होते.

बांबूची कथा मात्र अजून पुरती संपलेली नाही. २०१७ साली केंद्र सरकारने १९२७ च्या कायद्यात दुरुस्ती करून बांबू झाडांच्या व्याख्येतून वगळला. ही व्याख्या बदलायला नव्वद वर्षे लागली. शेताच्या बांधावरचा बांबू त्यामुळे मोकळा झाला. वनक्षेत्रातला बांबू मात्र जुन्या कायद्याच्या कक्षेतच राहिला आणि २००६ च्या कायद्यात गौण वनोपज. बांबूने भरलेला ट्रक वननाक्यावर येतो, तेव्हा यांतला कोणता कायदा लावायचा, हे तिथला कर्मचारी ठरवतो.