जुन्या लुगड्याची गोधडी

घरांतील पेटी आवरावयास घेतली कीं तळाशीं जुनीं लुगडीं निघतात. तीं टाकवत नाहींत, नेसवतही नाहींत. महाराष्ट्रांतील गृहिणीनें या पेचांतून गोधडीची वाट काढली. १९४३ सालीं सुती कापडावर सरकारी नियंत्रण आलें, तेव्हां तर फाटक्या धोतरासही मोल चढलें.

नऊ वारी लुगड्याचे चार सारखे तुकडे केल्यास प्रत्येक तुकडा सव्वादोन वारांचा होतो. ते धुवून कडक उन्हांत वाळवावे. ओल राहिल्यास आंत बुरशी धरते. घट्ट विणीचे तुकडे वर व खालीं, विरलेले मध्यें घालावे. हातानें ताणतांच जो फाटतो, तो मात्र कितीही जिव्हाळ्याचा असला तरी वगळावा. थर सुरकुती न ठेवतां पसरून आधीं लांब टांचे घालावे. मग कडेकडून आंत धावदोरा न्यावा. टांके जवळजवळ असले म्हणजे ओढ सर्वांवर वांटली जाते व विरलें कापडही टिकून राहतें.

काठ दर्शनी बाजूस लावावा. पांघरूण घेतांना नातवंडास आजीचें लुगडें ओळखतां येतें, आणि पेटींतली जागाही मोकळी होते.