ओल्या अंथरुणाचा गुन्हेगार कोण?



हा विषय चारचौघांत बोलण्याचा नव्हे, असे कोणी म्हणेल. पण गच्चीवर वाळत घातलेली गोधडी तो रोज सकाळी बोलतच असते! आमच्या सात वर्षांच्या मुलाने ती एकदा पलंगाखाली लपविली. आम्ही त्याला रागे भरलो. पुढे आम्हांला बोचले ते हे की, मूल आम्हांला भिऊ लागले होते.

शास्त्र काय सांगते? रात्री लघवी कमी व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. काही मुलांत ते पुरेसे स्रवत नाही. भरलेल्या मूत्राशयाची हाक काहींच्या झोपेत ऐकूच जात नाही. पाचव्या वर्षी शंभरांत सुमारे १५ मुले अंथरूण ओले करतात. पुष्कळदा आईला किंवा वडिलांनाही लहानपणी असेच होत असे. मग शिक्षा कोणाला करावयाची?

उपाय साधे आहेत. दिवसा भरपूर पाणी, संध्याकाळनंतर बेताचे, निजण्यापूर्वी लघवी, बद्धकोष्ठ असल्यास त्यावर इलाज. १९३८ साली अमेरिकेतील मौरर दांपत्याने घंटेची पद्धत प्रसिद्ध केली. ओल लागताच घंटा वाजते आणि मूल हळूहळू वेळेवर जागे होऊ लागते. सहा महिने कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर मात्र डॉक्टरांना दाखवावे.

आणि गोधडी बदलताना एवढेच म्हणावे, "असू दे रे बाळा, यात तुझा दोष नाही." आम्ही हे उशिराच म्हटले; तरी त्या दिवसापासून गोधडी लपविणे थांबले.