मधले दिवस



आजच्या विषयाचे नाव वाचून काही श्रोते बुचकळ्यात पडले असतील. रोग कसा ओळखावा, कोणते उपचार घ्यावेत, यांवर व्याख्याने पुष्कळ होतात. परंतु रोग आहे की नाही हेच ज्या दिवसांत ठाऊक नसते, त्या दिवसांविषयी फारसे कोणी बोलत नाही. स्तनांची क्ष-किरण तपासणी, म्हणजे मॅमोग्राम, झालेली असते. “काहीतरी दिसते आहे, पुन्हा या,” एवढाच निरोप येतो. त्या निरोपापासून पुढच्या तपासणीचा निकाल हाती पडेपर्यंतचे मधले दिवस, हा आमचा विषय आहे.

आम्ही डॉक्टर नव्हे. या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांला घरातल्या अनुभवाने आला. आमच्या पत्नीला असा निरोप आला आणि तारीख मिळाली ती बारा दिवसांनंतरची. दिवसभर तिचे काम नेहमीसारखे चाले. रात्री मात्र ती जागीच असे. तिसऱ्या रात्री आम्ही मोठ्या धीराने म्हणालो, “अगं, काही नसणार.” त्यावर ती शांतपणे म्हणाली, “नसणार, हे तुम्हांला कोणी सांगितलं?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. ते वाक्य तिच्या धीरासाठी नव्हतेच. आमच्या स्वतःच्या भीतीचे तोंड बंद करण्यासाठी होते.

तेव्हा प्रथम, “पुन्हा या” याचा अर्थ काय, तो पाहू. क्ष-किरणाच्या चित्रात स्तनातील दाट भाग पांढरा दिसतो आणि गाठही पांढरीच दिसते. एकावर एक आलेले पदर कधी गाठीसारखे भासतात. चुन्याचे बारीक कण मिठाच्या दाण्यांसारखे चमकतात. म्हणून निराळ्या कोनातून चित्र घेतात, सोनोग्राफी करतात, जुनी चित्रे असल्यास ताडून पाहतात. अमेरिकेत कोणतीही तक्रार नसताना नियमित तपासणी करवून घेणाऱ्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे दहा जणींना पुन्हा बोलावतात. आणि बोलावलेल्यांपैकी दहांत एकीलाही कर्करोग निघत नाही. मात्र हा हिशेब तक्रार नसलेल्यांचा आहे. हाताला गाठ लागली म्हणून जी गेली, तिने यावर विसंबू नये.

रिपोर्टावर ‘बाय-रॅड्स’ असे लिहून पुढे एक आकडा असतो. तो वाचून अनेकींच्या पायांखालची जमीन सरकते. शून्य म्हणजे चित्र अपुरे आहे, आणखी पाहिले पाहिजे. तीन म्हणजे बहुधा निरुपद्रवी. कर्करोगाची शक्यता शंभरात दोनांहून अधिक नाही, आणि म्हणून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा पाहतात. चार किंवा पाच असेल, तर सुईने लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो, हीच बायॉप्सी. पाचाचा संशय दाट असतो. चाराची व्याप्ती मात्र मोठी आहे, आणि त्यातल्या पुष्कळ जणींची बायॉप्सी निर्धोक निघते. चार हा आकडा म्हणजे कर्करोगाची चौथी अवस्था नव्हे. आकडा संशयाचा आहे, रोगाच्या पायरीचा नाही.

इतके समजले तरी मन स्वस्थ बसत नाही. मन चिंती ते वैरी न चिंती, असे आपण म्हणतोच. भीती या दिवसांत दोन प्रकारची हानी करते. जिला काही झालेले नाही तिला ती विनाकारण पोळते, आणि जिला खरोखर काही झाले आहे तिला ती घरी बसवून ठेवते. दुसरी हानी फार मोठी. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी असाच निरोप आल्यावर “लग्नघर आहे, नंतर बघू” म्हणून आठ महिने घालविले. कारण लग्नाचे सांगितले. खरे कारण भय होते. त्या गेल्या तेव्हा गाठ काखेपर्यंत पोचली होती. स्तनाचा कर्करोग बहुधा महिन्यांच्या आणि वर्षांच्या गतीने वाढतो. म्हणून तारखेपर्यंतचे थोडे दिवस सहसा बिघडवीत नाहीत. गमावलेले महिने मात्र बिघडवू शकतात.

मग हे दिवस काढावे कसे? तारीख तोंडी न ठेवता लिहून घ्यावी, आणि निकाल कोण, केव्हा कळविणार हे तेव्हाच विचारावे. काय दिसले, पुढे कोणती तपासणी, ती कशासाठी, असे प्रश्न कागदावर मांडावेत. मनात फिरणारा प्रश्न कागदावर उतरला की थोडा थांबतो. जुनी चित्रे शोधून पिशवीत ठेवावीत. रात्री मोबाईलवर रोगाची वर्णने वाचू नयेत. काळजीला दिवसातली अर्धी घटका नेमून द्यावी. ती अवेळी आली तर “संध्याकाळी ये” म्हणावे. हसू नका, याचा उपयोग होतो. साऱ्या गावाला सांगू नये, पण एका माणसाला अवश्य सांगावे. आणि झोप अजिबात येत नसेल, तर तेही डॉक्टरांना सांगावे. त्यात कमीपणा नाही.

आता बंधूंना दोन शब्द. “काही होणार नाही” म्हणू नका. “कळेपर्यंत मी बरोबर आहे” असे म्हणा, आणि त्या दिवशी खरोखर बरोबर जा. चवथ्या दिवसापासून आम्ही पहाटे तिच्याबरोबर फिरायला जाऊ लागलो. फारसे बोलणे होत नसे. पण रात्रीची जाग तिला एकटीला राहिली नाही.

आमच्या घरी निघाली ती पाण्याची साधी गाठ. हे टाळ्यांसाठी सांगत नाही. दुसरे काही निघाले असते, तरी ते बारा दिवस असेच काढायचे होते आणि बाराव्या दिवशी त्याच दारात जायचे होते. ‘अजून कळलेले नाही’ म्हणजे ‘वाईट आहे’ असे नव्हे, आणि ‘काही नाही’ असेही नव्हे. या दोहोंच्या मध्ये उभे राहणे कठीण आहे. पण तेथे कोणाला एकटे उभे राहू न देणे आपल्या हाती आहे. तुमच्या घरी असा निरोप आला, तर तारीख चुकवू नका आणि तिला एकटी पाठवू नका, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.